दोनशे पावलांची रायफल

रहेमानच्या गुडघ्यांना मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या माझ्या रताळ्यात शिरणाऱ्या डुकरांनाही घातल्या नसतील. डावा जास्त बिघडलेला. बांधावरनं चालताना तो मध्येच थांबायचा आणि आपण काहीतरी बघतोय असं दाखवायचा, कधी बाभळीवरचा होला, कधी दारणा नदीचं पाणी. मी म्हणायचो, "अरे, बस की बाबा. इथं कोण बघतंय तुला?" तो बसायचा नाय. मग मीही त्याच्यासंगं उभा. माझीही साठी जवळ आलेली, मलाही का कमी दुखत होतं? पण त्याला त्याचं काय!

आम्ही दोघं चेहेडीचे. मी लहानू, भाजीपाला पिकवतो आणि देवळाली कॅम्पाच्या बाजारात नेऊन विकतो. तो रहेमान, बापापासून शिकारी. त्याच्याकडं ठासणीची बंदूक होती, सरकारी परवान्याची. दरसाल नाशकाला कचेरीत जाऊन परवान्यावर शिक्का मारून आणायचा आणि तो कागद मेणकापडात बांधून ठेवायचा. तीस वर्षं त्या बंदुकीवर त्याचं घर चाललं.

कामं दोन. एक आम्हा बागाईतदारांच्या पिकात शिरणारी रानडुकरं मारायची. डुकराला तो हात लावत नसे. मारायचा, भिल्लांना हाक द्यायचा आणि पाठ फिरवून निघून जायचा. त्याबद्दल आम्ही त्याला वांगी, कांदे, रताळी, जे असेल ते द्यायचो. दुसरं काम हरणांचं. नाशकातल्या आणि कॅम्पातल्या मुसलमान घरांत लग्न असो, बारसं असो, कुणाला शिकारीचं मांस हवं झालं की निरोप रहेमानला.

आता हे काम कसं होतं ते सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय. ठासणीच्या बंदुकीत नळीतनं दारू घालायची, गोळी घालायची, गजानं ठासायचं, वर टोपी बसवायची. एवढं करून बार एकच. लांबचा नेम नाय, म्हणून तीस-चाळीस पावलांपर्यंत पोटावर सरपटत जायचं. मग बिस्मिल्ला म्हणून चाप ओढायचा. आणि चाप ओढला की बंदूक तिथंच टाकून पळत सुटायचं, हातात सुरी. कारण गोळीनं मेलेलं त्यांच्यात चालत नाय. जनावर जिवंत सापडलं पाहिजे, सुरी त्याच्या हातानं फिरली पाहिजे, तर ते हलाल. पोचेपर्यंत जीव गेला तर ते मुर्दार. मग एवढी मेहनत केलेलं जनावर तो भिल्लांच्या वस्तीवर देऊन टाकायचा आणि हात हलवत घरी यायचा. कितीदा तरी आलेला मी पाहिलाय. मला चीड यायची. म्हणायचो, "आज भिल्लांची चंगळ, आणि तुझ्या चुलीवर काय?" तो म्हणायचा, "तुझी वांगी."

म्हणून तर त्याचं नाव होतं. नाशकात लोक विचारतसुद्धा नसत. "रहेमानचाचानं आणलंय ना? मग वाढ." झालं.

पण गुडघे गेले आणि दोन वर्षांत त्याच्या हातून हरीण म्हणून पडलं नाय. सरपटायचा जमेल तसा, पण उठून पळायचं म्हणलं की पाय धरायचा. डुकरांसाठी शेतातल्या माळ्यावर चढणंही होईना. मग माझ्या रताळ्यांचं काय झालं ते विचारू नका. मी आणि माझी बायको आक्काबाई आळीपाळीनं डबा बडवत जागायचो आणि दिवसा काम करताना झोपेनं पडायचो. आक्काबाई एकदा चालत्या मोटेपाशी उभ्या उभ्या झोपली. जीव नकोसा झाला होता, खरं सांगतो.

अशात छत्तीस सालच्या दिवाळीनंतर कॅम्पातल्या तोफखान्याच्या एका मेजरसाहेबानं रहेमानला बोलावणं धाडलं. हा साहेब चार-पाच वर्षं रहेमानला घेऊन माळावर शिकारीला जायचा. आता कायमचा वलायतेला निघाला होता. घोडा विकला, टेबलं-खुर्च्या विकल्या, आणि रायफल राहिली होती. कारखान्यातनं आलेली, बोल्टाची. साहेब म्हणला, "आठ दिवस घेऊन जा, चालवून बघ. पसंत पडली तर तुझी. कलेक्टरला मी लिहीन, परवान्याचं होऊन जाईल." आठ दिवसांपुरती त्यानं हातची चिठ्ठीही लिहून दिली, पोलिसानं अडवलं तर दाखवायला. भाव सांगितला तो अशा मालाला कमीच होता. रहेमाननं म्हैस विकली असती तर भागलं असतं.

मी बघायला गेलो तर रहेमान अंगणात खाटेवर ती मांडीवर घेऊन बसलेला. मला शिकवायला लागला. दांडा वर करायचा, मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, खाली दाबायचा. खट्, खट्. पाच काडतुसं एकदम आत. दारू नाय, गज नाय, पावसात भिजायची भीती नाय.

"आणि नेम?" मी विचारलं.

"दोनशे पावलं. साहेब तर तीनशेवरनं मारतो."

"मग विचार कसला करतोस? घेऊन टाक!"

"म्हैस विकावी लागल."

"म्हैस गेली खड्ड्यात. दोनशे पावलं म्हणजे सरपटणं संपलं तुझं. बांधावर बसून मार. माळ्यावर चढायला नको, काय नको."

माझा स्वार्थ होता, तो मी लपवत नाय. मला माझी रताळी दिसत होती आणि अंथरूण दिसत होतं. आठ दिवसांतले पहिले चार दिवस मी रोज सकाळी जाऊन त्याच्या डोक्यावर बसलो. आक्काबाई म्हणायची, "त्याची म्हैस विकायला तुम्हीच जास्त उतावीळ." मी म्हणायचो, "तू गप बस, तुलाच झोप हवीय." रहेमान नुसता बोल्ट उघडायचा, झाकायचा, फडक्यानं पुसायचा. घेतो म्हणायचा नाय, नको म्हणायचा नाय. एकदा म्हणला, "लहान्या, माझ्या बापाला ही मिळाली असती तर तो अजून जिवंत असता." त्याचा बाप जखमी डुकराच्या दातानं गेला होता.

पाचव्या दिवशी खाजा मण्यार गावात बांगड्या भरायला आला. हा नाशकातल्या भद्रकालीजवळचा, तालेवार माणूस, पण टोपली खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायची सवय सुटली नव्हती. त्याच्या मुलीचं, शकीलाचं, लग्न शुक्रवारी. मालेगावचे पाहुणे यायचे होते. अंगणात रायफल बघितली आणि खाजाची कळी खुलली. "चाचा, आता तर शिकार पक्की. काळवीट पाहिजे बघा. माझ्या लग्नात तुमचंच होतं, माझ्या पोरीच्याही तुमचंच होऊ दे."

रहेमाननं शब्द दिला. दोन वर्षांनी कुणीतरी त्याला काही मागितलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं दाढी कोरून घेतली, मेंदी लावली, आणि मला म्हणला, "पाहुण्यांना घातलं की मग ठरवतो. म्हैस कोण घेतो विचारून ठेव." मी मनात म्हणलं, ठरलं. घोडं गंगेत न्हालं.

गुरुवारी उजाडता उजाडता आम्ही शिंदे गावापुढच्या माळावर. चालायला एरवी लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागला, पण रहेमान खुशीत होता, थांबून पाखरं बघितली नाय. एका करवंदीच्या जाळीआड तो खाली बसला, पाय लांब सोडून, आरामात. समोर उतारावर पाच-सहा माद्या आणि एक काळवीट, काळंभोर, शिंगं पिळदार. मी म्हणलं, "लांब हाय." तो म्हणला, "असू दे."

बिस्मिल्ला म्हणल्याचं मला ऐकू आलं. मग बार. काळवीट उभ्या जागी बसलं आणि कलंडलं. एक गोळी! मी टाळ्या पिटल्या हो, म्हातारा माणूस, पोरासारख्या. "शाबास रे पठ्ठ्या!"

आणि मग रहेमान पळायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस आम्ही दोघांनी त्या रायफलीची उलटी-सुलटी चर्चा केली. भाव बोललो, परवाना बोललो, काडतुसं कॅम्पात मिळतील की मुंबईहून मागवावी लागतील ते बोललो. आणि तीस वर्षं पळण्याचं काम केलेल्या माणसाला, आणि त्याला पळताना बघितलेल्या मला, दोघांनाही सुचलं नाय की दोनशे पावलांवरनं मारलं की दोनशे पावलं पळावं लागतं. काय म्हणावं आम्हाला? थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तो पळत होता म्हणजे काय, एक पाय टाकायचा आणि दुसरा ओढायचा. मध्येच दगडावर पडला. सुरी हातातनं सुटली, ती चाचपून उचलली, पुन्हा उठला. मी रायफल उचलली आणि त्याच्या पुढनं धावलो. मी आधी पोचलो. काळवीट जिवंत होतं. बरगडी वरखाली होत होती, डोळा माझ्याकडं बघत होता. मी ओरडलो, "जिवंत हाय! ये, ये लवकर!" आणि नुसता उभा राहिलो. माझ्या हातात काय होतं? मी कापून चालणार नव्हतं. अर्ध्या वाटेवर तो, तोंड उघडं, हात पुढं केलेला. "धर त्याला," म्हणला. मी शिंगं धरली. जनावर धरून जीव थोडाच धरता येतो! माझ्या हाताखालीच मान ढिली पडली.

रहेमान पोचला तेव्हा बरगडी थांबली होती. त्यानं गुडघे टेकले, तळवा ठेवला, वाकून कान लावला. लय वेळ कान लावून होता.

"गेलं," तो म्हणला.

आता मी जे बोललो ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणलं, "काप. आत्ताच तर गेलंय, गरम हाय, रक्त येईल. कोण बघतंय? मी सांगणार हाय का कुणाला?"

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं सुरी मानेला लावली. मग म्हणला, "लहान्या, तू जरा तिकडं तोंड कर."

मी तोंड फिरवलं. मनात म्हणलं, सुटलो. लग्न पार पडेल, म्हैस विकली जाईल, डुकरं मरतील. शिंद्याच्या बाजूला कुणाच्या तरी मळ्यात मोट चालू होती, ती मी बघत राहिलो. मागं काहीच आवाज येईना. शेवटी वळून बघितलं तर तो तसाच, सुरी मांडीवर ठेवून बसलेला. सुरीवर रक्ताचा थेंब नाय.

"भिल्लांना बोलव," तो म्हणला.

मी म्हणलं निरोप धाडू, आजारी पडला म्हणून सांगू. तो ऐकेना. दुपारच्या मोटारीनं आम्ही नाशकाला गेलो. खाजाच्या दारात मांडव घातलेला, आतल्या बाजूला चुली पेटलेल्या, मसाल्याचा वास सुटलेला. खाजा दोन्ही हात पसरून पुढं आला आणि आमच्या हातात काही नाय बघून थांबला.

रहेमाननं सरळ सांगितलं. "काळवीट पडलं, बेटा. पण मी पोचलो नाय. जिवंत सापडलं नाय. भिल्लांना देऊन टाकलं."

खाजा चांगला माणूस. चिडला नाय. "असू दे चाचा, नशीब," म्हणला आणि कुणाला तरी खाटकाकडं पिटाळलं, आम्हाला सरबत आणायला सांगितलं. तिथंच संपलं असतं. पण खाजाची आई गुलजारबी पडद्याआडनं सगळं ऐकत होती. लय म्हातारी. तिनं आतनं हळूच विचारलं, "रहेमानभाई, माझ्या खाजाच्या लग्नातलं... ते वेळेवर सापडलं होतं ना?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मलाही कळलं ते. पण प्रश्न बाहेर पडला आणि मांडवातली माणसं बोलायची थांबली.

"होतं, भाभी," रहेमान म्हणला. "पिंपळगावच्या माळावरचं. पाय झाडत होतं, माझ्या छातीवर लाथ बसली."

मग एकानं विचारलं, आमच्या पोराच्या अकिक्याचं, बारशाच्या जेवणातलं? होतं. दुसऱ्यानं विचारलं, सहा वर्षांपूर्वी ईदनंतर आणलेलं? होतं, त्याचा एक कान फाटलेला होता. कोण हसत विचारायचं, कोण खाली बघून. तो उभा राहून एकेकाला जबाब देत होता, सरबताचा पेला तसाच हातात. कुणाला खुर्ची द्यायचंही सुचलं नाय. शेवटी एका जाडजूड माणसानं विचारलं, माझ्या बापानं मेजवानी दिली होती, पंचवीसेक वर्षांपूर्वी, प्लेगच्या सुमाराला, तेव्हाचं?

रहेमान लय आठवत राहिला. "आठवत नाय," तो म्हणला.

बस्स. त्या माणसानं नुसती मान हलवली आणि शेजाऱ्याकडं बघितलं.

माझं टाळकं सरकलं. "अरे, लाजा वाटतात का? हा खोटारडा असता तर आज रिकाम्या हातानं तुमच्या दारात आला असता का? खांद्यावर टाकून आणलं असतं आणि तुम्ही बोटं चाटत खाल्लं असतं!"

"लहानूभाऊ," खाजा हळू आवाजात म्हणला, "तुम्ही मध्ये पडू नका. ही आमची गोष्ट हाय."

त्याचंही खरं. आणि मी कुठल्या तोंडानं बोलत होतो? सकाळी काप म्हणणारा मीच ना!

दुसऱ्या दिवशी रहेमान म्हणला, चल, रायफल देऊन येऊ. आम्ही कॅम्पात गेलो. वाटेत मी एकदाच म्हणलं, "डुकरांपुरती तरी ठेव. त्यांना थोडंच हलाल करायचंय?" तो तसाच पाय ओढत पुढं गेला.

साहेबाच्या बंगल्यात सगळीकडं पेट्या. साहेब घाईत होता. रहेमाननं रायफल दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, उरलेली काडतुसं मोजून शेजारी ठेवली. साहेबानं विचारलं, "क्यों? पसंद नहीं?"

"बहुत अच्छी है, साहब. पाँव नहीं चलते."

साहेब हसला. "अरे बाबा, जिसके पाँव नहीं चलते, उसी के लिए तो है!" मग त्यानं रहेमानकडं नीट बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, रायफल उचलून त्याच्या हातात दिली. "पैसा छोड़ो. बख्शीश. ले जाओ."

फुकट! म्हैस विकायला नको, काय नको. रहेमानचा हात आपोआप त्या दांड्यावर गेला, मी बघितलं. माझी रताळी, आक्काबाईची झोप, सगळं त्या टेबलापाशी येऊन उभं राहिलं. एरवी मी कोपरानं ढोसलं असतं, घे म्हणून. त्या दिवशी मी हात पाठीमागं बांधले.

"नहीं, साहब," रहेमान म्हणला आणि रायफल खाली ठेवली. साहेबानं खांदे उडवले, हात मिळवला, आणि नोकराला पेटी बांधायला हाक मारली.

बाहेर येऊन आम्ही कॅम्पाच्या रस्त्यानं थोडं चाललो. मग तो रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसला, मी न सांगता. गोरे सोल्जर सायकलवरनं जात होते, भाजीवाल्या बाया ओळखीच्या, माझ्याकडं बघून हसत होत्या.

"फुकट देत होता रे," रहेमान म्हणला.

"हो ना."

"घेतली असती तर डुकरावर राहिलो नसतो मी. कुणीतरी काळवीट मागितलं असतं. मी लांबनं मारलं असतं. एकदा पळालो असतो, दोनदा पळालो असतो. मी लय दमलोय, लहान्या. तिसऱ्यांदा चालत गेलो असतो आणि कापून आणलं असतं."

मी त्याच्याशेजारी टेकलो.

"काल तू तिकडं तोंड केलंस," तो म्हणला, "तेव्हा मी कापणारच होतो. मानेवरचे केस बाजूला केले होते."

"पण कापलं नायस ना!"

"कापणार होतो. आज साहेबासमोरपण, मी नाय म्हणालो ना? नक्की म्हणालो?"

"म्हणालास."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं म्हणालास. मी ऐकलं."

"मग झालं," तो म्हणला, आणि भर रस्त्यात, लोक बघत असताना, डोक्यावरचा रुमाल काढून तोंडाला लावून रडायला लागला. मी त्याला गप हो म्हणलं नाय. त्याच्याशेजारी बसून राहिलो, आणि कुणी ओळखीचं थांबलं तर पुढं जायला सांगत होतो.